तोंडातलं पांढरं जातं आणि पंधरा दिवसांत परत येतं: लेकराच्या पोटाचं हे चक्र कुठे तोडायचं

"आई, याच्या जिभीले पुन्हा पांढरं आलं वो."

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत सूनबाईच्या तोंडून हे मी चार वेळा ऐकलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. दुसऱ्यांच्या लेकरांच्या दंडाला कुपोषण मोजायची टेप लावण्यात माझा जन्म गेला, आणि चूक झाली ती घरच्याच नातवाच्या बाबतीत. नाव गोलू, अंगाने काटकुळा. तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती.

त्याचं जे झालं ते आमच्या भागातल्या कितीतरी घरांत होतं, म्हणून क्रम सांगते. सर्दी-ताप येतो. गावातल्या डॉक्टरकडे नेलं की पातळ औषधाची बाटली मिळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढाळ लागतात. मागोमाग जिभेवर, गालांच्या आत पांढरं येतं. दूध पाजलं की फेसाळ, आंबट वासाचं शी होतं. ढुंगण लालभडक. मग तोंडाला लावायचं औषध, ढुंगणाला मलम, आणि आठवड्यात लेकरू खेळायला लागतं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा सर्दी, पुन्हा तीच बाटली.

मोबाइलवर शोधलं की एकच उत्तर पुढ्यात येतं: "पोटात यीस्ट वाढलंय, साखर, दूध, गहू बंद करा." मीही तेच केलं. कसं फसलं ते पुढे सांगते, पण आधी कामाचं.

ते नक्की बुरशीच आहे का

ओल्या मऊ फडक्याने जीभ हलकी पुसा. दुधाचा थर असेल तर पुसला जातो. बुरशीचं पांढरं सहज निघत नाही, दह्याच्या कवडीसारखं चिकटून राहतं, आणि जोर लावून काढलं तर खालची जागा लाल दिसते, कधी रक्तही येतं. म्हणून एकदा बघितलं की पुरे, खरवडत बसू नका. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजीने एका तान्ह्याची जीभ लुगड्याच्या पदराने घासून घासून सोलून काढली होती. नुसती जीभ पांढरी आणि गाल, ओठ, टाळू स्वच्छ असतील तर बहुतेक वेळा ते दूधच असतं. गालांच्या आतल्या बाजूला ठिपके असतील तर बुरशी धरून चाला आणि दाखवा.

ढुंगणाचंही असंच ओळखता येतं. नुसतं ओल्याने लागलेलं असेल तर फुगीर भाग लाल होतो, जांघेच्या घड्या बऱ्यापैकी बऱ्या असतात. बुरशी मात्र घडीतच बसते. गडद लाल पट्टा आणि त्याच्या कडेला सुटे सुटे लाल पुरळ, जसे मोठ्या डबक्याभोवती शिंतोडे.

या बुरशीचं नाव कॅन्डिडा, मोबाइलवाले यीस्ट म्हणतात ते हेच. ती तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात, कातडीवर एरवीही असतेच. तिच्याबरोबर राहणारे जिवाणू तिला जागा देत नाहीत, म्हणून ती गप्प असते. जिवाणू मारणारं औषध, म्हणजे अँटिबायोटिक, पोटात गेलं की शेजारी मरतात आणि हिला मोकळं वावर मिळतं. तण कधी माजतं हे शेतकऱ्याला सांगायला नको.

गोलूच्या बाबतीत हिला खतपाणी कोण घालत होतं

हे माझ्या नव्हे, जिल्ह्याच्या गावच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पहिल्यांदा लेकराला हातही लावला नाही. म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूबा, पुड्या, चिठ्ठ्या पिशवीत घालून आणा, तेव्हाच तपासते." आम्ही परत आलो, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलो. त्या पिशवीतून चार गोष्टी निघाल्या.

पहिली, अँटिबायोटिक. माझ्या हिशेबात ते चार वेळा दिलं होतं. बाईंनी बाटल्या मांडल्या तर निघालं पाच वेळा. पाचवी खेप आमच्याच घरातली. सूनबाईने आधीची अर्धी उरलेली बाटली देवळीत ठेवली होती, ती ताप आला तेव्हा दिली. भुकटीत पाणी घालून केलेलं ते औषध काही दिवसांतच निकामी होतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही सुचलं नाही. साधी सर्दी आणि लहान मुलांचे बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. रक्ताची हगवण, कानातून पू, न्यूमोनिया यांत ते लागतं, आणि तेव्हा टाळू नये. प्रश्न प्रत्येक शिंकेला देण्याचा आहे. त्यात डॉक्टरचाच दोष म्हणू तर आपणही काही कमी नाही. "सुई नाई देल्ली त मंग कायचा डॉक्टर?" हे वाक्य मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून आठवड्यातून दोनदा ऐकते. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं तरी घरातल्या शिकलेल्या पोरापोरींनी बघावं. आणि डॉक्टरला सरळ विचारावं, "हे अँटिबायोटिक आहे का? न देता दोन दिवस थांबलं तर चालेल का?" विचारल्यावर आमच्याच डॉक्टरने एकदा बाटली परत ठेवली.

दुसरी, दुधाची बाटली. दोन वर्षांचा घोडा, पण रात्री साखर घातलेलं दूध रबरी निप्पलनेच. निप्पलच्या आतल्या चिकट थरात बुरशी बसते. तोंडात औषध लावायचं आणि रात्री तीच निप्पल तोंडात द्यायची, म्हणजे एका हाताने झाडायचं, दुसऱ्याने पेरायचं. बाईंनी बाटली टेबलावरून उचलून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी बघतच राहिले. तीन रात्री गोलूने घर डोक्यावर घेतलं, चौथ्या रात्री वाटीने प्यायला. तान्ह्याला काही कारणाने वरचं दूध द्यावंच लागत असेल तर वाटी-चमचा वापरा. बाटली सुटतच नसेल तर निप्पल आणि चोखणी रोज उकळा.

तिसरी, मलम. ढुंगणाला लावायला औषधाच्या दुकानातून सूनबाईच्या भावाने आणलेली ट्यूब. त्यात बुरशीचं औषध होतं, जिवाणूचं होतं, आणि स्टेरॉइडही होतं. दोन दिवसांत लाली गायब, म्हणून घरात ती ट्यूब "रामबाण" ठरली होती. स्टेरॉइड लाली दाबतं, बुरशीला मात्र त्यात बरंच होतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं दिसलं तर लेकराच्या जांघेला ती लावू नका. या जागी साधं क्लोट्रिमाझोल मलम पुरतं, तेही डॉक्टर सांगेल तितके दिवस. लाली गेली की दुसऱ्याच दिवशी बंद करायचं नाही. बाकी उपाय फुकटचा: पावडर लावू नका, नायलॉनची घट्ट चड्डी काढा, ढुंगण धुऊन टिपा आणि तासभर मोकळं सोडा. आपल्याकडे उन्हाळ्यात लेकरं उघडीच फिरतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

चौथी गोष्ट पिशवीत नव्हती, माझ्या डोक्यात होती. ती म्हणजे पथ्य.

यीस्टचं पथ्य: मी काय केलं आणि काय झालं

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. सकाळी उठल्याबरोबर ग्लासभर पाण्यात थुंका, लाळेचे दोरे खाली उतरले की समजा पोटात यीस्ट. मी गोलूची लाळ टाकली, दोरे उतरले. नंतर मीच थुंकले, उतरले. गोलूच्या आजोबांचे उतरले. आजोबा वयाच्या ६६ व्या वर्षी वावरात डवऱ्यामागे दिवसभर चालतात, त्यांच्या पोटाला काय धाड भरलीय! तिथेच शहाणं व्हायला पाहिजे होतं. लाळ मुळात चिकट असते, ती पाण्यात तशीच उतरणार. या परीक्षेला काही अर्थ नाही.

पण भीती बसली होती. साखर बंद, गूळ बंद, गहू बंद, दूध-दही बंद, केळ बंद, आंबवलेलं सगळं बंद. तिळगुळाचा लाडू त्याच्या हातातून काढून घेतला, तो हंबरडा अजून कानात आहे. आणि आंबील! ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून केलेली आंबील आमच्याकडे आजारी लेकराला पहिली देतात. आंबते म्हणजे त्यात यीस्ट असणार, म्हणून तीही बंद. ही गल्लत इथल्या कोणालाही होईल, म्हणून सांगते. मोहफुलं भिजत घातली की फसफसतात ते यीस्टमुळेच, पाव फुगतो तोही यीस्टने. पण ते यीस्ट वेगळं, तोंडात येणारा कॅन्डिडा वेगळा. पाव किंवा आंबील खाल्ल्याने कॅन्डिडा वाढत नाही. गंमत अशी की जुलाबावर दुकानात मिळणाऱ्या काही पुड्यांमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं यीस्टच असतं, अँटिबायोटिकने लागलेल्या जुलाबावर डॉक्टर ते देतात. म्हणजे एका हाताने मी यीस्ट बंद केलं होतं आणि दुसऱ्या हाताने पुडीतून पाजत होते.

२४ दिवस हे चाललं. अंगणवाडीत महिन्याचं वजन घेताना नातवालाही काट्यावर ठेवलं. १०.४ किलोचं ९.७ झालं होतं. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अॅपमध्ये आकडा टाकला आणि त्याचा रंग बदलला. दंडाची टेप लावली, १२.२ सेंटीमीटर, पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम कुपोषण. ज्या टेपने मी दुसऱ्या आयांना बोलते, ती माझ्या हातात होती. मदतनीस बाई बाजूला उभी होती, एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

बाईंनी नंतर समजावलं ते असं. कॅन्डिडा तोंडात, ढुंगणाला, आईच्या स्तनाग्राला होतो, तो खरा आजार आहे आणि त्याला साधं औषध आहे. पण एरवी धडधाकट लेकराच्या "आतड्यात यीस्ट माजलं, म्हणून दूध-गहू पचत नाही, चिडचिड होते, झोप लागत नाही" याला आधार नाही, आणि त्यासाठी साखर-धान्य तोडण्याच्या पथ्याने फायदा होतो असंही दिसलेलं नाही. तोटा मात्र काट्यावर दिसतो. उपाशी लेकराची ताकद कमी, ताकद कमी की पुन्हा आजारी, आजारी की पुन्हा बाटली. मी चक्र तोडायला गेले आणि त्याला वंगण घातलं.

साखर कमी करायला मात्र त्यांनीही सांगितलं, वेगळ्या कारणाने. बिस्किटं, पाकिटातला फळांचा रस, गोड दूध यांनी दात किडतात, भूक मरते, आणि रसाने दोन-तीन वर्षांच्या पोरांना पातळ शीही होते. त्यात वरणातले दाणे, गाजराचे तुकडे तसेच्या तसे दिसतात आणि आई घाबरते. लेकरू खेळतंय, वजन वाढतंय, रात्री झोपमोड करून शी होत नाही, तर बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. रस बंद करा, जेवणात तेल-तूप वाढवा, बघा.

दूध पचत नाही म्हणजे नेमकं काय

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारा रस आतड्याच्या आतल्या बारीक केसाळ थराच्या टोकांवर तयार होतो. मोठे जुलाब झाले की हीच टोकं आधी झडतात. मग दूध पोटात गेलं की न पचता खाली उतरतं, फसफसतं, गॅस होतो, फेसाळ आंबट शी होतं, आणि त्या आंबटपणानेच ढुंगण जळतं. ते जळलेलं कातडं बुरशीला आयतं मिळतं. गोलूचं हेच होतं. टोकं काही आठवड्यांत पुन्हा येतात, मध्ये पुन्हा जुलाब झाले नाहीत तर.

म्हणून आम्ही तीन आठवडे नुसतं दूध थांबवलं, दही-ताक-कढी चालू ठेवली. दह्यातल्या जिवाणूंनी लॅक्टोज बरंच खाल्लेलं असतं, म्हणून बहुतेक लेकरांना ते सोसतं. मग जेवणाबरोबर पाव वाटी दूध, चार दिवसांनी अर्धी वाटी. आता तो वाटीभर पितो, तक्रार नाही. साध्या जुलाबात प्रत्येक लेकराचं दूध तोडायची गरज नसते, हेही बाईंनी बजावलं. आणि अंगावरचं दूध कधीच तोडायचं नाही, कितीही जुलाब असोत.

इथे दोन गैरसमज फार घट्ट आहेत. "बकरीचं दूध हलकं असते, ते पाज." बकरीच्या दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढंच असतं. आणि लेकराला दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असेल (ही वेगळी गोष्ट: दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, उलट्या, तान्ह्याच्या शीत रक्त), तर बकरीच्या दुधानेही ती उठू शकते. दुसरा गैरसमज आपल्या सोयाबीनपट्ट्यातला. वावरातलं सोयाबीन तसंच दळून, पाण्यात कालवून "सोयाचं दूध" म्हणून पाजणं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते नीट शिजल्याशिवाय जात नाहीत. आधीच पोट बिघडलेल्या लेकराला हे देणं म्हणजे आगीत तेल.

गव्हाचं म्हणाल तर सीलिअॅक नावाचा आजार खरोखर असतो. गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, वजन वाढत नाही, पोट फुगतं, रक्त कमी राहतं. पण त्यासाठी टीटीजी ही रक्ताची तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधी पोळी बंद केली आणि मग रक्त दिलं तर आजार असूनही नाही असं येऊ शकतं. आजार निघालाच तर गहू आयुष्यभर बंद, आणि तेव्हा विदर्भात असल्याचा फायदा: ज्वारीची भाकर, भात, मक्याचं पीठ सगळं चालतं. फक्त हिंगाची डबी वाचा. दुकानातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, घरची पोळी बंद करून वरणाच्या फोडणीतून गहू चालूच राहतो. ज्वारी-गहू एकाच चक्कीवर दळले जातात, तेही ध्यानात घ्या.

एखादा पदार्थ सोसत नाही अशी शंका असेल तर एका वेळी एकच थांबवा, दोन आठवडे. मग परत द्या. त्रास परत आला तर शंका खरी धरा. मी एकदम सहा गोष्टी बंद केल्या होत्या, त्यामुळे कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. वही घ्या: काय खाल्लं, शी किती वेळा, कशी, कोणतं औषध. आमच्या वहीत आठव्या दिवशीच दिसलं की दह्याने काही होत नाही, दुधाने होतं. अंगणवाडीत मी रोज सतरा रजिस्टरं भरते, घरच्या लेकरासाठी एक वही घालायला मला बालरोगतज्ज्ञ लागल्या.

तोंडाच्या औषधाचं

क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं द्रव किंवा निस्टॅटिनचे थेंब डॉक्टर देतात. आमच्या उपकेंद्रात जुन्या सिस्टर जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, लावायच्या. ते पातळ करूनच लावायचं असतं, स्वतः विकत आणून लावू नका. कोणतंही औषध खाऊन-पिऊन झाल्यावर लावा, लावल्यावर लगेच पाणी देऊ नका, पांढरं दिसेनासं झालं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला घट्ट जेल घशाकडे लोटू नका, गुदमरतं. बाळ अंगावर पीत असेल तर आईचं स्तनाग्र लाल, आग होणारं, सोललेलं आहे का बघा. दोघांना एकाच वेळी औषध लागतं, नाहीतर आई बाळाला देते, बाळ आईला देतं.

आणि एक गोष्ट हात जोडून. टाकणखाराची लाही मधात कालवून तोंडात लावायची जुनी पद्धत आहे, माझ्या सासूने माझ्या मुलांना लावली होती. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. लेकराच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये. सासू गेल्या, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. त्यांना माहीत नव्हतं.

दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या मुलांना तोंडात हीच बुरशी येऊ शकते. पंपानंतर चूळ भरायला लावा, लहान असेल तर पाणी पाजा. पंप बंद करू नका.

जुलाब थांबल्याशिवाय काहीच थांबत नाही

ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर १ लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धं पाकीट ग्लासात, चवीला साखर, असलं काही करायचं नाही. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही असतात, म्हणून मागे छापलेलं वाचा. दुकानातल्या गोड डब्यातल्या पेयाला ओआरएस समजू नका. त्यात साखर जास्त असली की जुलाब वाढतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्याने. झिंकची गोळी १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून गोळी थांबवतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ओआरएस आणि झिंक आशाताईकडे फुकट मिळतं, मागायला लाजू नका.

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडते की नाही, हे सरपंचाला विचारायचं काम आयांचं आहे, कारण ढुंगण त्यांना धुवावं लागतं.

जंतही तपासा. रात्री ढुंगण खाजवत उठणारं पोर बहुतेक वेळा "बुरशीवालं" नसतं, जंतवालं असतं. अंगणवाडीत-शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतो, तेव्हा लेकराला घरी ठेवू नका. चिकट, घाणेरड्या वासाची, तुपकट शी आठवडोन्आठवडे चालू असेल तर ग्रामीण रुग्णालयात शी तपासून घ्या, जिआर्डिया नावाचा जंतू निघतो आणि त्याला वेगळं औषध आहे. उलट, चार-पाच दिवस शी न होऊन मग चड्डीत पातळ निथळत असेल तर ते जुलाब नाहीत, आत खडा अडकलाय.

आपल्या विदर्भात आणखी एक विसरू नये: सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पोट परत परत दुखतं, डोळे पिवळसर, हातपाय सुजतात, सारखा ताप. आधी सिकलसेलचं रक्त तपासा, मग दूध-गव्हाचं बघू. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. सिकलसेलच्या लहान लेकरांना रोज पेनिसिलिन द्यावं लागतं. त्याने तोंड आलं तर तोंडाचं औषध करा, पेनिसिलिन आपल्या मनाने सोडू नका. गोलूची तपासणी केली, नव्हतं.

थांबायचं नाही, लगेच निघायचं, ते कधी

डोळे खोल गेलेत, सहा तासांत लघवी नाही, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, शीत रक्त, लेकरू सुस्त पडलंय. दोन्ही पायांवर सूज. सहा महिन्यांवरच्या लेकराची दंडाची टेप ११.५ सेंटीमीटरच्या खाली. तोंडातलं पांढरं घशात उतरलंय आणि गिळताना रडतंय. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत ओआरएस चालू ठेवा.

दुसरा प्रकार घाईचा नाही, पण टाळायचा नाही. लेकरू वर्षाच्या वरचं आहे, अँटिबायोटिक नाही, पंप नाही, बाटली नाही, तरी तोंडात परत परत पांढरं येतंय. तेव्हा रक्तातली साखर, एचआयव्ही आणि प्रतिकारशक्ती बघावी लागते. एचआयव्हीचं नाव काढलं की घरात भांडण पेटतं, मला माहीत आहे. एका घरात मी तीन महिने समजावत होते. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नाव बाहेर जात नाही, आणि वेळेवर औषध मिळालं तर लेकरू शाळेत जातं, मोठं होतं. आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, निदान त्या दिवशी तरी लेकराला घेऊन या आणि तोंड उघडून दाखवा.

गोलूचं आजचं सांगते. पथ्य सुटलं त्या दिवशी त्याने आंबील दोन वाट्या ओरपली. मऊ वरण-भातात चमचाभर तेल, अंडं, केळ, ज्वारीची भाकर कढीत कुस्करून. दोन महिन्यांत वजन ११.१. मध्ये एकदा सर्दी झाली, चार दिवस नाक गळलं, बाटली आणली नाही, आपोआप गेली. चैत्रात एकदा गालाच्या आत दोन पांढरे ठिपके दिसले आणि सूनबाईचा चेहरा पडला. फडक्याने पुसले, निघाले. दह्याचे होते.